आठव्या गल्लीतली चौकशी

गंगव्वाला अंघोळ घालून झाली. नखं कापून झाली.

पूर्णिमानं आठवड्याचा गोळ्यांचा डबा भरला. उरलेल्या पाकिटांवर सकाळ, दुपार, रात्र अशा खुणा केल्या.

बांगलादेशात एका गावात पूर्णिमाची दहा वर्षांची मुलगी. ती चार वर्षांची असताना आई तिला आजीपाशी ठेवून सीमा ओलांडून आली; सहा वर्षांत परत जायला जमलं नव्हतं.

हेच काम आधी बाळाबाई पंधरा हजारांत करायची. पूर्णिमा नऊ हजारांत, तेही राहून. बाळाबाईला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

राजारामपुरीत, आठव्या गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी.

शशिधरनं ती खिडकीतून पाहिली. 'वर्षा, हिला गच्चीवर धाड.'

'आता कुठली गच्ची? जिन्यात आलेत ते,' त्याची बायको वर्षाराणी म्हणाली.

पूर्णिमा हललीच नाही. धुतलेली साडी नेसून गंगव्वाच्या कॉटशी उभी होती. गंगव्वा, शशिधरची आई, अर्धांगानंतर सात महिने एक शब्द बोलली नव्हती.

हवालदार आत आला. सकाळपासूनचं हे त्याचं पाचवं घर.

'ही कोण?'

'आमच्या आत्याकडची. बिद्रीची,' वर्षाराणी म्हणाली.

'बांगलादेशी बाई हाय म्हणून तक्रार आलीया. कागद नसतील तर न्यावं लागंल. आठवडाभरात पलीकडं पोचवत्यात.' तो पूर्णिमाकडे वळला. 'गाव कुठलं, बाई?'

पूर्णिमानं तोंड उघडलं.

'तिला बोलता येत न्हाई, साहेब,' वर्षाराणी मध्येच म्हणाली. 'जन्मापास्नं.'

'मग आधार दावा की.'

'गावाकडं हाय.'

'सगळ्यांचंच गावाकडं असतंय, वहिनी.'

कॉटवरून एक हात पुढं आला. गंगव्वानं पूर्णिमाचं मनगट धरलं.

'मगळू,' ती म्हणाली. मग दम घेऊन, 'नन्न मगळू.'

शशिधर भिंतीला टेकला. हवालदार गडहिंग्लजकडचा. 'माझी मुलगी' एवढं कानडी त्याला कळत होतं.

पूर्णिमानं पुन्हा तोंड उघडलं. मनगटावरच्या बोटांकडे पाहिलं आणि मिटलं.

हवालदारानं वही बंद केली. 'जपा म्हातारीला,' म्हणाला आणि जिना उतरला.

गाडी गेल्यावर वर्षाराणी खुर्चीत कोसळली. 'बाळाबाईच ती. दुसरं कोण कळवणार?'

'कळवंल न्हाईतर काय करंल? काम गेलं की तिचं,' शशिधर म्हणाला.

'आणि हिला नेलं असतं तर माझं गेलं असतं. अव्वाला कुणावर सोडून गेले असते मी?' तिनं पूर्णिमाकडे पाहिलं. 'वाचलीस गं बाई. आता तुला कोण न्हेत न्हाई.'

पूर्णिमानं मान हलवली. गंगव्वाची बोटं अजून सुटली नव्हती.

मंगळवारी दुपारी, वर्षाराणी कामावर गेलेली असताना, पोलीस ठाण्यात फोन पूर्णिमानं केला होता.