सदऱ्यावरचा डाग

“कपाशीचं फूल पहिल्या दिवशी लाल उमलते,” चंपत आबा म्हनाला, “अन् दुसऱ्या दिवशी पांढरं होते.”

विहारात एकबी हात वर झाला नाई.

भीमपूरकडच्या गावात शेंबड्या पोट्ट्यालेबी मालूम हाय, फूल पांढरं उमलते अन् दुसऱ्या दिवशी लाल पडते. आबाची तर सारी उमर कपाशीत गेली. अन् हे उलटं तो आजच नाई सांगून राह्यला. मागच्या रविवारी हेच, त्याच्या मागच्या रविवारीबी हेच. बोलता बोलता त्याचा हात सदऱ्याच्या खिशाकडं जाये, थोडा वेळ तिथंच राहे, अन् मंग रिकामाच खाली येये.

हा खेळ अर्पिता मॅडमचा. ती आदिलाबादच्या ज्युनियर कॉलेजात शिकवते, माहेर इथलंच. तिच्या हातचे पोट्टे बारावी करून मोठ्या शहरात शिकाले जात, तिथं माना खाली घालून बसत, अन् दिवाळीच्या आंधी पेटी उचलून घरी. म्हून तिनं ठरवलं. वर्षावासातलं रविवारचं ग्रंथवाचन आटोपलं का गावातला एक म्हातारा प्रोफेसर होईन. औंदा चंपत आबा आपनहून उभा राह्यला. तो बोलत असताना पोट्ट्यायनं हात वर करायचा, त्याले थांबवायचं, इचारायचं. एवढंच.

पन एवढंच कोनाच्यानं होईना. विहारात पांढरे कपडे घालून यायचं, मोठा मानूस बोलला का आयकायचं, हे लहानपनापासून अंगात भिनलेलं. मॅडमनं सांगतलं म्हून ते कसं निंघन?

आबाची नात मैत्री पुढच्याच रांगेत बसली होती. तिले हैदराबादच्या युनिव्हर्सिटीत सीट भेटली होती. तिचा बाप अमरदीप मंडल ऑफिसात, म्हंजे तहसिलीत, क्लार्क. तो पोरीले घेऊन युनिव्हर्सिटी पाहून आला. तिथल्या एका सरनं तिले सहज सवाल केला. पोरीले उत्तर येत होतं. पन ती आपल्या चपलेकडं पाहत राह्यली.

घरी आल्यावर अमरदीप म्हनाला, “आपल्या मानसायपुढं तुझं तोंड उघडत नाई, तिथं काय उघडंन? रविवारी बोलली तर सोमवारी हैदराबादची बस. नाई बोलली तर आदिलाबादचं कॉलेज काई वाईट नाई.”

आज तोच रविवार होता.

मैत्रीले बोलाचं भेव होतंच. पन आज भेवाहून मोठी अडचन होती. गाव म्हने, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. घरी चंद्रभागा आजी दर सोमवारी आबाचा पांढरा सदरा घासत बसे. खिशाले गुलाबी डाग. “काय कोंबते हा मानूस खिशात, काई समजत नाई,” ती म्हने. “साबन सरते, डाग जात नाई. डोक्याचंबी तसंच झालं बुढ्याच्या.” आता मैत्री उठली अन् आबा चुकला म्हनाली, तर गाव जे कुजबुजते ते नातीनंच भर विहारात सांगतलं, असं होईन.

“आबा,” अर्पिता मॅडम हळूच म्हनाली, “पुढच्या रविवारी दुसऱ्या कोनाले उभं करू का?”

“थांब व माय, माहं आटोपलं नाई. तर काय सांगत होतो? पहिल्या दिवशी लाल.”

मागच्या रांगेतल्या पोट्ट्यायमंधून बंडूचा आवाज आला, “आबाची कपाशी नवरीवानी हाय. पहिल्याच दिवशी लाजते.”

पोट्टे खुदखुदले. आबानं मैत्रीकडं पाह्यलं.

मैत्री उठली. हात वर करायचाबी इसरली.

“आबा, तुमचं चुकलं.”

“मैत्री, खाली बस,” भितीजवळ बसलेला अमरदीप दरडावला. “कोनाशी बोलून राह्यली?”

“नाई बसत, बाबा.” ती आबाकडं वळली. “फूल पांढरं उमलते. दुसऱ्या दिवशी लाल होते. आबा, मी लहान होती तवा तुमीच मले बांधावर बसवून दाखवलं. तुमी इसरले असान, मी नाई इसरली. अन् बंडू, तुले मालूम हाय तर तोंड लपवून काऊन हासतं? उभं राहून सांग ना.”

बंडूनं मान खाली घातली. बायायच्या बाजूले बसलेल्या चंद्रभागा आजीनं तोंडाले पदर लावला. मैत्री उभीच राह्यली.

आबानं खिशात हात घातला. आज हात रिकामा नाई आला.

तळव्यावर दोन फुलं होती. एक पांढरं, आज सकाळचं. एक लाल, कालचं, कोमेजून गोळा झालेलं.

“अमरदीप,” आबा म्हनाला, “बसचं पाह्य.”

मागं बंडूचा हात वर झाला. “आबा, म्हंजे तुमाले मालूम होतं?”

“हे पाह्य मॅडम, आता येऊन राह्यले सवाल,” आबा हासला. मंग त्यानं दोनी फुलं मैत्रीच्या हातावर ठेवली अन् तिची पाठ थोपटली.

“लय उशीर केला व पोरी. तुह्या आजीनं घासून घासून माहा सदरा इरवला.”