उजवा हात

मागं बघायचं नाही म्हणून मोटरसायकलच्या आरशांवर चिकटपट्टी लावली तेव्हाच डोईफोडे सर गोंधळले. जन्मभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं, आणि पन्नाशीनंतर हौसेनं रेसट्रॅकवर आले तर नवशिक्यांच्या गटात! शिकवायला कोण? पोटची पोरगी, मृणाल.

पहिल्याच वळणावर सरांनी सवयीनं उजवा हात बाहेर काढला. त्याच हातातली ॲक्सिलरेटरची मूठ सुटली, गाडी मंदावली. मागचे दोघे धडकता धडकता वाचले. मृणालनं त्यांना कडेला थांबवलं.

"बाबा, पुन्हा हात सुटला तर दुपारी ट्रॅकवर सोडणार नाही."

"हात दाखवल्याशिवाय वळायचं कसं गं? मीच शिकवलंय ना तुला?"

"नवशिक्यांनी मास्तरांशी वाद घालायचा नाही."

सरांनी हँडलच्या मुठी आवळून पुन्हा ट्रॅक धरला. थोड्या वेळानं समाप्तीचा झेंडा हलला. बाकीचे ट्रॅकच्या रीतीनं खुशाल डावा हात वर करून उजवीकडे बाहेर पडले. आता काय करावं? उजवा हात काढावा तर दुपार जाते, न काढता वळावं तर जन्माची शिकवण. सर सरळ पुढे गेले. रिकाम्या ट्रॅकवर एकटेच फिरत राहिले.

शेवटी मृणाल बाहेर पडायच्या वाटेशी, कठड्याआड त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. लहानपणी शिकवल्याप्रमाणे तिनं उजवा हात लांब केला.

सर मुकाट वळले. हेल्मेट काढून म्हणाले,

"कोपर अजून वाकतंय तुझं."