प्रक्षेपण बंद आहे

आमच्या स्त्रुमिकातल्या रेडिओ क्लबात ब्लागोया सर्वज्ञ आहे, निदान त्याचं स्वतःचं तरी तसं मत आहे. काल त्याने संगणकावर चालणारा नवा रेडिओ जोडला. माइकमध्ये बोलायचं आणि उपग्रहावरून परत येणारा आपलाच आवाज त्याच वेळी हेडफोनमध्ये ऐकायचा, एवढंच करायचं होतं. पण हेडफोनमध्ये चिडीचूप.

"प्रक्षेपणच बंद आहे, आवाज बाहेरच जात नाहीये," असं निदान करून पठ्ठ्याने माइक तसाच चालू ठेवला आणि तारा उचकटता उचकटता माझ्यापाशी क्लबाच्या शेजारीच राहणाऱ्या आमच्या अध्यक्षांचा, त्रायचेचा, उद्धार सुरू केला.

"त्या त्रायचेला रेडिओतलं ओ की ठो कळत नाही. उद्याच्या निवडणुकीत पाडतोच बघ त्याला! आणि त्याच्या बायकोची ती मिरच्यांची आयवार चटणी! तोंडावर 'वा वहिनी' म्हणतो आणि तिची पाठ वळली की तिच्याच कण्हेरीच्या कुंडीत ओततो."

तेवढ्यात दार वाजलं.



त्रायचेची बायको उभी होती, हातात वाळलेल्या कण्हेरीची कुंडी. "आमच्या रेडिओवर तुमचा आवाज अगदी स्वच्छ येतोय, भावजी."