सिवारची डबी

"हाज्जा आजी, नातीच्या बोटांचा ठसा असलेलं काहीतरी द्या," आमच्या जर्जीस बंदराच्या चौकीवरचा पोलीस दारात उभा राहून म्हणाला. समुद्राने एक मुलगी किनाऱ्यावर टाकली होती. चेहरा ओळखू येत नव्हता. आमची सिवार आठ दिवसांपूर्वी कुणाला न सांगता इटलीच्या होडीत बसली होती. सोळा वर्षांची पोर, अजून ओळखपत्रही निघालं नव्हतं, त्यामुळे सरकारकडे तिचे ठसे नव्हते.

सिवारने केलेली पॉलिमर मातीच्या मण्यांची माळ आणि त्याच मातीची, तिनेच नक्षी काढलेली झाकणाची डबी सुनेने माझ्यापुढे ठेवली. मी एकेक मणी उजेडात धरला. सगळे आरशासारखे गुळगुळीत. "भाजायच्या आधी ठसा पूस, नाहीतर माती तो जन्मभर धरून ठेवते," असं मीच पोरीला टोचून टोचून शिकवलं होतं.

"घर रोज पुसून काढता, मण्यांवरही तिचं बोट उरू दिलं नाहीत. आता शोधा ना, आई!" सून किंचाळली.

मी डबी उघडली. झाकणाच्या आतल्या बाजूला तिचा अंगठा रेघ न् रेघ उमटला होता.

मी झाकण घट्ट लावलं.

"नाही रे बाबा," मी पोलिसाला म्हणाले, "आमच्या पोरी असलं गचाळ काम करत नाहीत. ती दुसऱ्या कुणाची तरी असेल."