मूळ पृष्ठभाग

प्रबोधने रायफल खिडकीपाशी नेली आणि तिच्या नळीवर समोरच्या ब्लॉकमध्ये वाळत घातलेल्या कपड्यांचे रंग उमटले. त्याने ती उलटून पुन्हा पाहिली.

बुकित बातोकच्या त्या फ्लॅटमध्ये आता आठ खोकी, एक टेबल आणि ही रायफल एवढेच उरले होते. वल्लरीचा या देशात राहण्याचा पास नवऱ्याच्या नोकरीवर होता. निशिकांत ऑगस्टमध्ये गेला, त्याच्याबरोबर नोकरी गेली, आणि मिळालेली मुदत या शनिवारी संपत होती. रायफल पुण्याला नेता येणार नव्हती. निशिकांतचा मित्र प्रबोध याच्या जुन्या शस्त्रांच्या संग्राहक मंडळाने ती स्वीकारली, तर तिला एका कपाटात जागा होती. नाही स्वीकारली, तर शुक्रवारी पोलिसांकडे जमा, आणि तिथून भट्टीत. तिच्या स्थितीचा अहवाल प्रबोधने लिहायचा होता.

"वहिनी, हे कोणी केलं?"

"मी."

"कशाने?"

"चिंच. मग रांगोळी. मग तारेची घासणी." ती खोक्यावर चिकटपट्टी ओढत होती. "खंडेनवमीला. यंदा घरात सण नाही ना, वर्ष व्हायचंय. पूजा करता येत नाही. म्हटलं, निदान घासून ठेवावी."

दरवर्षी निशिकांत वल्लरीला रायफलीवर हळदीकुंकू वाहू देत असे, पण मध्ये कागदाचा तुकडा ठेवून. तिच्या हातात फडके दिसले, तरी त्याचा आवाज चढे.

"मला वाटायचं, आळस," ती म्हणाली. "चहाचा कप कधी विसळला नाही त्या माणसाने. हेही त्यातलंच."

"वहिनी, तो तपकिरी रंग यायला दीडशेच्या वर वर्षं लागली होती. लोक तो रंग बघून रायफल घेतात. आणि तुम्ही एका दुपारी..."

"एका नाही. चार लागल्या."

प्रबोधला हसू आले आणि त्या हसण्याचे काय करावे, हे त्याला कळेना. तो टेबलाशी बसला. लिहिता लिहिता, सवयीने, मोठ्याने वाचू लागला. घडण इंग्लंडमधली, अठराशे एकसष्ट. चापाजवळच्या लाकडात एका संस्थानाच्या शस्त्रागाराचा शिक्का. दस्त्याच्या डाव्या अंगाला खोलगट झीज. कोणा अनाम शिपायाचा गाल तिथे वर्षानुवर्षे टेकलेला. पुढे साठ वर्षे नोंद नाही. मग लंडनमधला एक लिलाव. मग इथल्याच सेरंगूनमध्ये राहणारा एक डच दंतवैद्य. मग निशिकांत.

"मूळ पृष्ठभाग," त्याने वाचले, आणि पेन थांबले.

"लिहा ना भावोजी. जे आहे ते."

"ते लिहिलं तर मंडळ घेणार नाही. चकचकीत वस्तू दिसली की आमची मंडळी म्हणतात, दिवाणखान्यातलं खेळणं आहे."

"आणि नाही लिहिलं तर?"

"फोटो जोडायचे असतात."

वल्लरीने चिकटपट्टी दाताने तोडली. "बारा वर्षं तुम्ही दोघं दर रविवारी इथं बसलात. पोहे मी केले. त्या रंगाबद्दल तासन्‌तास बोललात. मला एकदाही कोणी सांगितलं नाही की तो मळ नव्हता."

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. खोक्यावरचा पत्ता वाचून दाखवावा तसा तो स्वर होता. प्रबोधने नळीच्या तोंडातली लाकडी गुडदी काढली. पिशवीतून दोऱ्याला बांधलेला, करंगळीच्या पेराएवढा बॅटरीचा दिवा काढून लावला, आणि विहिरीत सोडावा तसा तो आत सोडला. मग डोळा लावला.

दोरा चिमटीत धरून त्याने दिवा थोडा वर घेतला, पुन्हा खाली सोडला.

"इथं तुमचा हात पोचला नाही," तो म्हणाला.

"बोट फार आत गेलं नाही. चमचा घालून पाहिला होता."

"बरं झालं नाही गेला." तो पुन्हा लिहू लागला, आता त्याचे अक्षर घाईचे होते. "नळीचा अंतर्भाग मूळ स्थितीत. गोळीला फिरकी देणाऱ्या तिन्ही खाचा शाबूत. एवढ्या जुन्या रायफलीची आतली बाजू अशी क्वचित मिळते, वहिनी. एवढ्यावर घेतील ते. मी घ्यायला लावीन."

"आणि बाहेरचं?"

त्याने कागद तिच्याकडे सरकवला. 'निशिकांत' या नावाखाली एक ओळ वाढली होती: मालकाच्या पत्नीने ऑक्टोबरमध्ये घरगुती पद्धतीने स्वच्छ केली, मूळ पृष्ठभाग राहिलेला नाही. तिने ती ओळ दोनदा वाचली. बदल सुचवला नाही.

"मी बघू?" तिने विचारले.

तपासणाऱ्याखेरीज कोणी नळीच्या तोंडाला डोळा लावायचा नाही, रायफल निकामी असली तरी नाही. या कारणावरून प्रबोध स्वतःच्या मुलांवर ओरडलेला होता. त्याने रायफल आडवी धरली आणि नळीचे तोंड तिच्याकडे केले.

वल्लरीने एक डोळा मिटला. आत तपकिरी अंधार होता. तीन खाचा त्यातून अतिशय सावकाश वळत गेल्या होत्या. सगळ्या लांबीत मिळून जेमतेम अर्धा वळसा. तळाशी तो दिवा. ती हलली नाही. प्रबोधचे हात भरून आले.

बेल वाजली. खोकी न्यायला माणसे आली होती.

ती सरळ झाली. प्रबोधने गुडदी उचलून नळीच्या तोंडात घट्ट बसवली, तळव्याने दाबली. पांढऱ्या दोऱ्याचे टोक बाहेर लोंबत राहिले. दोघांनीही ते पाहिले.

"मी दार उघडते," वल्लरी म्हणाली.

त्याने रायफल दोऱ्यासकट खोळीत घातली आणि चेन शेवटपर्यंत ओढली. आत दिवा चालूच होता.