चमचाभर माशाचं पाणी

दहाव्याचा पिंड उन्हात सुकत चालला, तरी कावळा काही शिवेना.

"आईला मी सांभाळीन, अप्पा," लेकीने हात जोडून सांगितलं. कावळा पंख विंचरत बसला.

"बांधाचंही सांग," काका कुजबुजले.

"काकांशी बांधावरून भांडणार नाही." कावळ्याने पाठच फिरवली.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "ताई, दर्भाचा कावळा करू या का?"

"त्या पिसवांचं सांगून बघ," काका वैतागले. "माणसांत जीव होता कुठे त्याचा!"

ती थबकली. प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले अप्पा खिडकीतल्या बरणीत पाणपिसवा, म्हणजे पाण्यातले ठिपक्याएवढे जीव, पाळायचे. पाण्याला माशाचा वास आला, की त्यांच्या पिल्लांच्या डोक्यावर बचावासाठी टोकदार टोप उगवतो. म्हणून अप्पा रोज सकाळी माशाच्या टाकीतलं चमचाभर पाणी बरणीत ओतायचे आणि बजावायचे, "टोप घाला, बायांनो. मासा आलाय." बरणीत मासा कधीच नसायचा, पण निर्धास्त राहायची सवय लागू नये, असं त्यांचं म्हणणं.

"अप्पा," ती ओशाळून म्हणाली, "माशाचं पाणी मी रोज घालीन."

कावळा झपकन उतरला आणि पिंडाला चोच मारून गेला. काकांनी कपाळावर हात मारला.

घरी येऊन तिने बरणीला भिंग लावलं. या दहा दिवसांत जन्मलेल्या पिसवा उघड्या डोक्याने खुशाल हिंडत होत्या. तिने चमचाभर पाणी ओतलं. अप्पांचं 'टोप घाला, बायांनो' मात्र तिला म्हणता येईना, म्हणून तिने आणखी एक चमचा ओतला.