बिलोरीचा शेवट

पद्मजाने टेबलावरचं पुस्तक उचललं आणि भय्यासाहेबांना न देता यशश्रीच्या हातात ठेवलं, तेव्हा अच्युतराव ताडकन उभे राहिले.

"अहो, नंबर भय्यासाहेबांचा आहे ना?" ते जवळजवळ ओरडलेच.

"त्यांनीच दिला तिला आपला नंबर," पद्मजा म्हणाली. नेपियर टाऊनमधल्या त्या मराठी वाचनालयाची ती ग्रंथपाल. "पोरगी सोमवारी कोटाला चालली, कोचिंगला. दोन दिवसांत वाचून देते म्हणते. भय्यासाहेब म्हणाले, माझं काय, मी कधीही वाचीन."

पेपरमागून भय्यासाहेबांनी नुसता हात हलवला.

'बिलोरी' नावाच्या देखण्या, गोडबोल्या चोराच्या मालिकेतला हा सातवा आणि शेवटचा भाग. जादूच्या राज्यातला हा चोर राण्यांच्या गळ्यातले हार पळवायचा आणि राण्याच त्याला खिडकी उघडून द्यायच्या. सगळ्या जबलपुरात या भागाची एकच प्रत आली होती, ती इथे. यशश्री घरी मराठी ऐकायची आणि बोलायची हिंदी. पण या चोरापायी तिने सहा भाग मराठीतून वाचून काढले होते, ओळीवर बोट ठेवून. सातव्यासाठी दीड वर्ष थांबली होती. कुणी शेवटाचा विषय काढला की दोन्ही कान घट्ट दाबून धरायची.

आणि अच्युतरावांनी तो शेवट पहिल्याच पानावर, शाईने, लिहून ठेवला होता.

लिहिला होता तो भय्यासाहेबांसाठी. भय्यासाहेबांची खोड साऱ्यांना ठाऊक होती: रहस्यकथा वाचून झाली की पहिल्या पानावर खुन्याचं नाव लिहून मोकळं व्हायचं. 'पुस्तकांवर लिहू नये' ही पाटी सचिव या नात्याने अच्युतरावांनी त्यांच्याचसाठी रंगवून घेतली होती. तरी गेल्या दिवाळीत त्यांनी अच्युतरावांची एक चांगली रहस्यकथा नासवलीच. या वेळी अच्युतरावांचा नंबर पहिला लागला. मोठ्या खुशीत त्यांनी ओळ लिहिली, मंगळवारी पुस्तक परत केलं आणि भय्यासाहेबांचं तोंड कसं होईल याची चित्रं रंगवत चार दिवस घरी काढले.

"यशश्री बेटा, जरा इकडे दे," ते पुढे झाले. "एक पान सुटलंय. चिकटवून देतो."

"घरी चिकटवते ना मी, दादाजी." तिने पुस्तक छातीशी धरलं. मग राहवलं नाही म्हणून तिथेच उघडलं.

बोट ओळीवर गेलं. सवयीप्रमाणे ती मोठ्याने वाचू लागली. "बिलोरीला शेवटी... त्याचा जिवलग सोमदत्तच... पकडून देतो. पान तीनशे बारा."

बोट थांबलं. तिने पुन्हा एकदा वाचलं, या वेळी मनात. रडली नाही. "अच्छा," एवढंच म्हणाली, आणि ते ऐकून अच्युतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"भय्यासाहेब!" पद्मजा कडाडली. "पुन्हा? लेकराच्या पुस्तकावरसुद्धा? काहून करता असं?"

मंगळवारपासून पुस्तक यशश्रीची वाट बघत त्या टेबलावर होतं आणि त्याच टेबलाशी भय्यासाहेब रोज पेपर वाचत बसत. शेवट चाळायला कितीसा वेळ लागतो? अच्युतरावांचा संशय कुणाला स्वप्नातही आला नसता. ते तर पाटीवाले.

भय्यासाहेबांनी पेपर खाली ठेवला. पुस्तक मागून घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि ओळ डोळ्यांजवळ नेली. फॅक्टरीत ते आणि अच्युतराव एकाच सेक्शनला अठ्ठावीस वर्षं होते. हे अक्षर त्यांनी रोज पाहिलेलं होतं. त्यांनी मान वर करून अच्युतरावांकडे बघितलं.

आता बोलायला हवं होतं. 'मी लिहिलं', दोनच शब्द. पण अच्युतरावांनी नजर भिंतीवरच्या पाटीकडे वळवली.

"हो बाई," भय्यासाहेब म्हणाले. "जुनी खोड आहे. चुकलं माझं, बेटा."

"अच्युतराव, आता तुम्हीच बोला यांना," पद्मजा म्हणाली. "आमचं कोण ऐकते!"

सगळे त्यांच्याकडे पाहून राहिले होते. आणि अच्युतरावांच्या तोंडून शब्द फुटले ते हे:

"या वयात शोभून राहिलं का हे तुम्हाला, भय्यासाहेब?"

स्वतःचा आवाज त्यांना नीट ऐकू आला. अगदी सचिवाचा आवाज होता. लाजेने कानाच्या पाळ्या जळत होत्या आणि तरीही आवाज जरासुद्धा कापला नाही, याची त्यांना अधिकच लाज वाटली.

"नाही शोभत," भय्यासाहेब म्हणाले. पुस्तक त्यांनी यशश्रीला परत दिलं आणि पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

यशश्रीने पुस्तक पिशवीत टाकलं. गाव सोडायचं म्हणून आईने बजावून पाठवलं होतं, सगळ्या मोठ्यांच्या पाया पडून ये. ती पद्मजाच्या पाया पडली. भय्यासाहेबांच्या खुर्चीशेजारून मान खाली घालून तशीच पुढे आली आणि अच्युतरावांसमोर वाकली.

"थँक्यू, दादाजी," ती म्हणाली. "तुम्ही माझ्यासाठी बोलले."

अच्युतरावांना पाय मागे घ्यायचे होते. मागे पुस्तकांचं कपाट होतं.